कंबरेचं माप

पवनी, ९ जून २०२४

खुशबूस,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे तर घे, नाहीतर पाकिटातच राहू दे.

तू माझा नंबर बंद केलास, बाबांचाही केलास. शेवटी तुझ्या रिताच्या मागे लागून नागपूरच्या होस्टेलचा पत्ता काढला. ती द्यायला तयार नव्हती. मैत्रीण पक्की आहे तुझी, तिच्यावर रागावू नकोस. पोस्टात गेले तर तिथला माणूस म्हणतो, "आता कोन लिहिते जी पत्र, बाई?" मी म्हटलं, ज्यांच्या पोरी फोन उचलत नाहीत त्या लिहितात. तो हसला. मला काही हसू आलं नाही.

एप्रिलच्या सतरा तारखेला आंधळगावच्या पाहुण्यांनी पत्रिका जुळत नाही असा निरोप पाठवला आणि त्याच दुपारच्या गाडीने तू गेलीस. माझं काय चुकलं ते मला अजून नीट कळलेलं नाही. मुलगी पाहून झाल्यावर मुलाची आई स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "पोरीचं ऑपरेशन झालं होतं म्हणते?" कुणीतरी कान भरले होते. आपण सगळ्यांना अपेंडिक्स सांगितलंय. पण अपेंडिक्सची खूण पोटावर राहते, तुझ्या पोटावर काहीच नाही. उद्या लग्न झाल्यावर नवऱ्याने विचारलं असतं तर तू काय सांगणार होतीस? म्हणून मी नागपूरच्या हॉस्पिटलचं कार्ड दाखवलं. तेच, जे मी लॅमिनेट करून पत्र्याच्या डब्यात, अस्तराच्या कापडाखाली सहा वर्षं ठेवलंय. त्यांना एवढंच सांगितलं की पोरीच्या आतला पडदा जन्मापासून बंद होता, तो डॉक्टरांनी कापला, दुसऱ्या कोणी नाही. यात मी तुझीच बाजू सांभाळली ना?

तू दाराआड होतीस हे मला ठाऊक नव्हतं. बॅग भरताना तू म्हणालीस, "आई, तू तं मले कापडाच्या ताग्यासारखं उलगडून दाखवलं." रोज तेच आठवतं. मशीनवर बसले की आठवतं, आणि मी तर दिवसभर मशीनवरच असते.

घरी बाकी बरं आहे. आजीचे गुडघे तसेच. भिंतीपलीकडे मेघाकाकूची रुचिता दोन दिवस निजून होती, पोट दुखत होतं. मेघा म्हणते जंत असतील. गोळी दिली, आता बरी आहे.

तुझी आई


पवनी, ४ जुलै २०२४

खुशबूस,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनची सायकल दिसली की मी दारात जाते.

शाळा उघडल्या. युनिफॉर्म शिवून शिवून मान आखडली आहे. काल दुपारी रुचिताला शाळेतून परत पाठवलं. पोटाशी गुडघे घेऊन पडली होती, कंबरही दुखते म्हणत होती. मागच्या महिन्यात चार तारखेला असंच झालं होतं, या वेळी तीन तारखेला. मेघाने ओवा दिला, विनोदकाकाने मेडिकलमधून गॅसची पुडी आणली. तुझी आजी ओसरीत बसून म्हणाली, "चौदावं सरत आलं तिले, आजून काई पत्ता नाई. खुशबूचं पाहा, कसं वेळेवर झालं होतं." मेघा खाली मान घालून भांडी घासत राहिली. मी बटण लावत होते, ती सुई बोटात गेली.

वेळेवर! खुशबू, ते तुलाच आणि मलाच माहीत आहे.

तू नववीत होतीस. तुझ्या वर्गातल्या सगळ्या झाल्या होत्या. छाती आली, उंची वाढली, पण पाळीचं नाव नाही. आजी दर महिन्याला विचारायची आणि मग गल्लीतल्या बायकाही विचारायला लागल्या. एक तर तोंडावर म्हणाली, "कुंताबाई, पोट्टीत काई खोट तं नाई ना जी?" त्या मंगळवारी मी घरी येऊन आजीला सांगितलं की खुशबूला न्हाण आलं. सहज सांगितलं, भाजी आणली असं सांगावं तसं. मग पाच सवाष्णी आल्या, तुला हळद-तेल लावलं, हिरवा परकर मीच शिवला, ओटी भरली, खीर-पुरी झाली. तू पाटावर बसून माझ्याकडे बघत होतीस आणि मी दुसरीकडे बघत होते.

पुढे दर महिन्याला चार दिवस तुला कोपऱ्यात वेगळं बसवलं. तू सकाळी विचारायचीस, "आई, आज बसू का?" मी म्हणायचे, बस. पोट तर तुझं खरंच दुखायचं त्या दिवसांत, त्यामुळे नाटक वाटायचंच नाही. मला तर काही महिन्यांनी वाटायला लागलं की तुझी पाळी खरंच सुरू झाली आहे. देवाशपथ सांगते.

गल्लीतल्या डॉक्टरांकडे तुला नेलं होतं मी. त्यांनी ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या. त्यांना तेव्हाच कळलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. एवढं शिकून माणसाला एक पोट तपासता येऊ नये, याला काय म्हणावं.

रुचिताचं तसंच असेल असं काही नाही. नागपूरच्या मॅडम म्हणाल्या होत्या, हजार-दोन हजार पोरींत एखादीचं असं असतं. एका घरात दोन कशा असतील? मी उगीच मनाला लावून घेते आहे.

तुझी आई


पवनी, २० ऑगस्ट २०२४

खुशबूस,

हे पत्र लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

मागच्या सोमवारी मेघा हिरवं कापड घेऊन आली. म्हणाली, "मोठ्या बाई, रुचिता झाली. रविवारी कार्यक्रम करतो म्हनतो. परकर-पोलकं शिवून द्या, खुशबूचं शिवलं होतं तसंच." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. खुशबू, मी ते तोंड ओळखते. आरशात पाहिलेलं आहे. मेघाने माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही आणि मीही काही विचारलं नाही. आजीने सहा महिने त्या बाईला 'खुशबूचं पाहा' म्हणून टोचलं होतं. माझ्याच थापेवर ती मोजली जात होती, बिचारी.

रुचिताला समोर उभं करून माप घेतलं. माझ्या मापवहीत जूनचं तिचं युनिफॉर्मचं माप आहे, कंबर पंचवीस. आता सव्वीस भरली, आणि बेंबीखाली टेप नेली तर दीड इंच आणखी. हात तसेच काटकुळे, दंड तेवढाच, पाठ तेवढीच. फक्त खाली पोट वर आलेलं आणि हाताला टणक. ती मागे सरकली. "मोठी आई, तिथं दाबू नको न. लघवीले बी वेळ लागते मले आता, बसून राहावं लागते." तेरा-चौदा वर्षांची पोर, कुणाला सांगायचं ते माहीत नाही, म्हणून टेप धरणाऱ्या बाईला सांगत होती.

मी वहीत आकडा लिहिला आणि परकर शिवायला घेतला. कमरेच्या शिवणीत दोन इंच कापड जास्त सोडलं, पुढे उसवता यावं म्हणून. मी काय केलं ते तुला समजलं असेल. ते पोट वाढणार हे मला माहीत होतं आणि मी त्याची सोय केली.

मेघाला नुसतं म्हटलं, "एकदा भंडाऱ्याले बाईडॉक्टरले दाखवून घे." ती म्हणाली, "पाळी सुरू झाली तं दुखनारच जी." यावर मला पुढे बोलता आलं असतं. पण बोलायचं म्हणजे आधी तुझा कार्यक्रम खोटा होता हे सांगायचं, मग अपेंडिक्स खोटं होतं हे सांगायचं, आणि मग अंकुशचं नाव घ्यायचं. एवढं सगळं टाळून मी परकराला नाडी ओवली.

अंकुशचं तुझ्या मनात आहे हे मला माहीत आहे. तू दहावीत होतीस, माझ्या टेपमध्ये तुझी कंबर चार महिन्यांत तीन इंच वाढली होती. पहिल्या पाळीच्या आधीही दिवस राहू शकतात असं मी कुठेतरी ऐकलेलं. मी तुझ्या थोबाडीत मारली आणि विचारलं, "कोनाचं आहे?" तू नुसती रडत राहिलीस. बाबांनी मला विचारलं, "पाळी कवा आली होती हिले?" आणि मी त्यांना म्हणाले, दोन महिने झाले, चुकली आहे. कधी आलीच नाही हे माझ्या तोंडून निघालं नाही. तुला शाळेत चक्कर आली तेव्हा ज्या पोराने गाडीवर बसवून घरी आणलं, त्या अंकुशला बाबांनी पानठेल्यावर सगळ्यांसमोर मारलं. नंतर नागपूरला तुझ्या पोटातून वर्षाहून जुनं काळं रक्त निघालं. मूल नाही, काही नाही, साठलेलं रक्त. अंकुशला मात्र कुणी जाऊन सांगितलं नाही.

परवा रविवारी रुचिताचा कार्यक्रम झाला. मी ओटीत नारळ घातला. ती पाटावर बसून माझ्याकडे बघत होती.

तुझी आई


पवनी, १ सप्टेंबर २०२४

खुशबूस,

रुचिताला परवा भंडाऱ्याला ॲडमिट केलं. जीवाला धोका नाही, हे आधी लिहिते.

शुक्रवारी सकाळपासून तिला लघवीच झाली नाही. दुपारपर्यंत ती ओरडायला लागली. विनोदकाकाने गाडी काढली, मेघा, तुझी आजी आणि मी मागे बसलो. निघताना मी डब्यातलं कार्ड पिशवीत टाकलं. बोलायचं ठरवलं नव्हतं, तरी टाकलं होतं.

तिथे एक तरुण मॅडम होत्या. आधी त्यांनी नळी घालून लघवी मोकळी केली. पोर शांत झाली, पण पोट काही पूर्ण खाली बसलं नाही. मग त्यांनी विचारलं, "पाळी सुरू झाली आहे का?" मेघा म्हणाली, "हो जी, याच महिन्यात झाली. कार्यक्रम बी केला." मॅडमनी लिहून घेतलं. म्हणाल्या, लघवी तपासू, सोनोग्राफी करू, आणि पोट असं आहे म्हणून दिवस गेले आहेत का तेही बघावं लागेल, घाबरू नका, ते नेहमीचंच आहे. आजीने कपाळावर हात मारला. विनोदकाकाने रुचिताकडे वळून पाहिलं. बाबांनी सहा वर्षांपूर्वी तुझ्याकडे पाहिलं होतं ना, अगदी तसंच. रुचिता पलंगावर होती, तिला कळलंच नाही की बाप असा का बघतो आहे.

तेव्हा मी बोलले. आवाज माझा इतका मोठा निघाला की बाहेरची माणसं डोकावली. "नाई आली तिले पाळी. कवाच नाई आली. कार्यक्रम खोटा होता. मेघाले दोष नका देऊ, मीच आधी माह्या पोरीचा खोटा केला होता." आणि कार्ड मॅडमच्या हातात दिलं.

त्यांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं. मग मेघाला घेऊन पडद्यामागे रुचिताला तपासलं, सोनोग्राफी केली. तेच होतं. योनीच्या तोंडाशी पातळ पडदा असतो, त्याला योनिपटल म्हणतात. रुचिताचं तुझ्यासारखंच बंद होतं. दर महिन्याला रक्त येत होतं, बाहेर पडायला वाट नव्हती, आत साठून साठून त्याने लघवीची वाट दाबली. काल सकाळी छोटं ऑपरेशन झालं. अर्ध्या तासाचं काम.

आजीने विचारलं, "पडदा कापला मनजे पोरीच्या लग्नाचं काय जी?" मला जमिनीत जावंसं वाटलं, कारण नागपूरच्या मॅडमला हाच प्रश्न मी विचारला होता. मी तर त्यांच्याकडे पडदा ऑपरेशननेच गेला असा दाखला लिहून मागितला होता, आणि त्यांनी मला बाहेर काढलं होतं. या मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कागदावर पेनाने काढून दाखवलं. कुणाचं कड्यासारखं असतं, कुणाचं अर्ध्या चंद्रासारखं, कुणाचं मधून पट्टी येऊन दोन भोकांचं, कुणाचं एकच बारीक छिद्र, आणि कुणाचं नावालाच. "आजी, नाकं वेगळी असतात तसंच हे. त्यावरून पोरगी कशी आहे हे आम्हालाही सांगता येत नाही, तर सासूला कुठून कळणार? बारीक छिद्र किंवा पट्टी असली, तर पाळी येते पण नीट वाहत नाही, किंवा लग्नानंतर त्रास होतो. तेव्हाही लपवून न ठेवता दाखवायचं, तेही सोपं काम आहे. आणि पोरीचं अंग भरलं, दर महिन्याला त्याच सुमारास पोट दुखतं आणि पाळी येत नाही, तर एक महिनाही थांबायचं नाही. दुखत नसेल तरी पंधरा पूर्ण झाल्यावर वाट बघायची नाही." आजी कागदाकडे बघत बसली. तिला किती कळलं माहीत नाही.

मॅडम मला म्हणाल्या, हे बहुतेक वेळा घराण्यात चालत नाही, पण कधी कधी बहिणी-बहिणींत सापडतं, म्हणून घरातल्या बायकांनी एकमेकींना सांगायला हवं. आणि रुचिताच्या गर्भाशयाच्या नळ्यांना काही झालेलं दिसत नाही म्हणाल्या. तुझ्या वेळी नागपूरच्या मॅडमने काय सांगितलं होतं ते तुला पाठ आहे. रक्त उलटं वर गेलं होतं, उजवी नळी खराब झाली असावी, पुढे मूल राहायला वेळ लागेल कदाचित. रुचिताचं ऐकून मला आनंद झाला आणि लगेच रडू आलं. मेघाला वाटलं मी तिच्या पोरीसाठी रडते आहे.

तुझी आई


पवनी, २२ सप्टेंबर २०२४

खुशबूस,

घरात माझ्याशी कुणी बोलत नाही. आजी भिंतीपलीकडे जेवते. आंधळगावच्या बाईला मी कार्ड दाखवलं आणि घरात कुणाला सांगितलं नाही, हे तिला सगळ्यात जास्त लागलंय. बाबा कामापुरतं बोलतात. गल्लीतल्या दोन-तीन बायका आपले शिवायचे ब्लाउज परत घेऊन गेल्या. पाच सवाष्णींना खोटी ओटी भरायला लावली म्हणून देवाचा कोप होईल म्हणतात. होऊ दे.

मेघाने एकदाच तोंड उघडलं. शिवणाच्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, "मी अडाणी, मले समजलं नाई. तुमाले तं समजलं होतं. टेप तुमच्या हातात होती. तरी तुमी शिवलं?" मी पायडलवरून पाय काढला.

अंकुशच्या आईकडे गेले होते. तो चिखल्याला मॅंगनीजच्या खाणीत लागला आहे, तिथेच खोली घेऊन राहतो. बाबांनी मारल्यापासून डाव्या कानाने त्याला ऐकू येत नाही, खाणीतल्या साहेबाला मात्र तिने कामामुळे असेल असं सांगितलंय. तिने मला बसायला चटई दिली. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आता सांगून काय करता, कुंताबाई? सहा वर्स मी बी त्याले विचारत होती, तू खरंच काई केलं का म्हनून." तिने चहा दिला, मी प्यायले, आले.

काल रुचिता भिंतीवरून डोकावून आली. मेघा बाजारात गेली होती. हिरवा परकर घेऊन आली, म्हणाली, "मोठी आई, सैल होते हा. बारीक करून दे." पोर उभी राहिली, मी टेप लावली. कंबर पंचवीस. बेंबीखालीही टेप सरळ गेली. मी शिवण उसवली आणि ते दोन इंच कापून टाकले. तिची आता पाळी आली आहे, खरी. कुणी काही कार्यक्रम केला नाही. तिला म्हटलं, दुखतं का? म्हणाली, "थोडंसं. तेवढं चालते."

मग खाली बघत म्हणाली, "ताई आली होती दवाखान्यात."

मी जेवणाचा डबा आणायला घरी आले होते, त्या दुपारी तू येऊन गेलीस. रिताने तुला फोन केला होता. माझी पत्रं तू तोवर उघडलीच नव्हतीस, रिताचा फोन आल्यावर भंडाऱ्याच्या गाडीत बसून सगळी एकदम वाचलीस, असं रुचिताने सांगितलं. "आधी उघडली असती तं मीच आली असती तुले न्यायले," असं म्हणून तू रडलीस म्हणे. रडू नकोस. पत्रं मी लिहिली तुला, आणि ती पोर भिंतीपलीकडे होती. ते तुझ्यावर नाही.

फाईलमधून तू ते लॅमिनेट केलेलं कार्ड घेऊन गेलीस, तेही तिने सांगितलं. बरं केलंस. तुझंच होतं.

आणि तू तिला विचारलंस, "आईनं सोताहून सांगतलं?" ती म्हणाली, "हो, सगळ्याइच्या समोर, मोठ्यानं." तू म्हणे तिचे केस नीट केलेस. मग जाता जाता म्हणालीस, "मंग माह्या वेळी काहून नाई?"

रुचिताने हे मला जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं मला माहीत असेल.

खुशबू, जुलैच्या पत्रात मी गल्लीतल्या डॉक्टरांना नावं ठेवली. ते खोटं आहे. त्यांनी विचारलं होतं. ऑक्टोबर महिना होता, तू त्यांच्या समोरच्या स्टुलावर होतीस, आणि त्यांनी मला नाही, तुलाच विचारलं, "बेटा, पाळी सुरू झाली का?" तू आधी माझ्याकडे पाहिलंस. मग त्यांच्याकडे वळून तू तोंड उघडलं होतंस. मी तुझा हात दाबला आणि म्हणाले, येते जी, दर महिन्याला, अगदी वेळेवर. त्यांनी ते लिहून घेतलं. त्यानंतर चार महिने तू ते पोट घेऊन शाळेत जात होतीस.

काहून नाही, तर बाहेर बाकावर तुझी आजी बसली होती आणि दार उघडं होतं. एवढंच होतं. मी कालपासून आणखी काही कारण शोधते आहे, दुसरं सापडत नाही.

आई